पहिल्या हाकेला ओ देणारे अंबुले जमादार

श्री. धनलालजी अंबुले यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गस्तीतल्या गावांनी मिळून त्यानिमित्त गौरव अंक काढायचे ठरवले आहे, हे कळले तेव्हा मला आधी हसू आले. पोलिसाचा गौरव अंक मी तरी आजवर पाहिलेला नाही. पोलीस गावातून निघून गेला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, त्याच्यावर लेख मागवीत नाहीत. अंकाच्या संपादक मंडळींनी मला जमादारांच्या कर्तव्यनिष्ठेवर लिहायला सांगितले आहे. या एका शब्दाखाली पुष्कळ काही झाकता येते, म्हणून मी ठरवले की आपण जे पाहिले आणि ऐकले तेच लिहावे. त्यातले काही वाचकांना पटणार नाही. मलाही ते अजून पुरते पटलेले नाही.

स्वराज्य आले त्याच्या पुढच्या वर्षी मी पोलिसात भरती झालो आणि भंडाऱ्याहून तिरोड्याच्या ठाण्यावर माझी रवानगी झाली. माझे अक्षर चांगले होते, त्यामुळे आपल्याला सावलीत बसून लिहिण्याचे काम मिळेल अशी माझी खात्री होती. ठाणेदार साहेब हिंदी मुलुखातले. त्यांनी माझ्याकडे न पाहताच सांगितले, “लिखनेवाले बहुत हैं. चलनेवाला एक ही है, अंबुले. उसके साथ लग जाओ.” बाहेर कडुनिंबाखाली एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ पायाला पट्ट्या गुंडाळत बसले होते. त्यांनी माझ्या नव्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाले, “चावतीन.” संध्याकाळपर्यंत चावले. ही आमची पहिली ओळख.

त्याच दिवशी वाटेत त्यांनी मला विचारले, “कोनी हाक मारली तं तू कितव्या हाकेले ओ देते गा?”

मी म्हणालो, “पहिल्या. दुसरी मारायची वेळ कशाला आणायची?”

“मंग शहरातलाच होय तू,” ते म्हणाले, आणि त्यांनी मला गस्तीचा पहिला धडा दिला. जंगलाच्या कडेच्या गावांत पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही, दुसऱ्या हाकेलाही देत नाही. जे माणूस नव्हे ते एकदा बोलावते, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. त्यामुळे पोस्टमन असो, बांगड्या विकणारा असो की पोलीस असो, दारात उभे राहून तीनदा हाक मारायची आणि मधल्या वेळात मुकाट उभे राहायचे. जंगलाच्या आत मात्र नियम उलटा. तिथे कोणाचे नाव घ्यायचेच नाही, तोंडाने नुसती कूक द्यायची. अगदीच वेळ आली तर नाव एकदा घ्यावे, त्या दिवसात पुन्हा नाही. का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “जंगल नाव शिकते. शिकलं का मंग तेच बलावते.” आवाजात ना भीती ना चेष्टा. बुटांबद्दल बोलले होते त्याच आवाजात हेही बोलले.

जमादारांची गस्त दिवसाची असे. रात्रीची गस्त इतरांनी घातली, यांनी दुपार घेतली. “चोर रातीले येते, पन ठरवते दिवसा,” असे ते म्हणत. ज्यांनी धानाच्या मुलुखातली दुपार पाहिली नाही त्यांना यातली मेख कळायची नाही. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत अख्खे गाव बांध्यांत, धानाच्या खाचरांत, वाकलेले असते. घरे उघडी, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही, आणि आपल्याच पावलांचा आवाज भिंतींवरून परत येतो. मी रात्री स्मशानाजवळून एकटा गेलो आहे आणि मला काही वाटलेले नाही. पण त्या रिकाम्या गावांतून भर उन्हात चालताना माझी मान सारखी मागे वळत असे. जमादारांची कधी वळली नाही.

बोदलकशाकडच्या एका टोलीत, चार घरांच्या वस्तीत, असेच आम्ही शिरलो आणि एका घरातून धान कांडण्याचा आवाज येऊ लागला. जमादारांनी हाक मारली तसा आवाज थांबला. दुसरी मारली, तिसरी मारली, उत्तर नाही. आम्ही निघालो की कांडणे पुन्हा सुरू. मी म्हणालो, चला इथून. जमादार आत शिरले. आत एक म्हातारी, डोळ्यांनी पार अधू, रिकाम्या उखळात मुसळ घालत बसली होती. तापाने फणफणली होती. मुले बांधीत जाताना कोणाला ओ देऊ नको म्हणून बजावून गेली होती, आणि घरात माणूस आहे हे बाहेरच्यांना कळावे म्हणून ती बिचारी सकाळपासून कांडत होती. जमादारांनी तिला पाणी पाजले, मुलांना बांधीतून बोलावून आणवले आणि चार शब्द असे सुनावले की ते मला इथे लिहिता येत नाहीत. त्यानंतर ती होती तोवर आमच्या गस्तीची वाट त्या दारावरून वळत असे. उंबऱ्याशी उभे राहून ते तीनदा हाक मारीत आणि ती आतून म्हणे, “हव, जिती आहो.” तेवढे ऐकून आम्ही पुढे जात असू.

त्यांच्या कामाची तऱ्हा अशीच होती. जे सगळ्या गावाला ठाऊक असते त्याचाच ते उपयोग करीत. तिरोड्याच्या बैलबाजारात एकदा एक जण बैलजोडी विकायला आला. आपण नागझिऱ्याच्या पायथ्याच्या अमुक गावचे, बैल घरचे, असे तो सांगत होता. बोलणे गोड आणि कपडेही तिकडचेच. जमादार त्याच्या पाठीमागे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, “ओ भाऊ.” तो झटक्यात वळला आणि म्हणाला, “जी?” जमादारांनी त्याचे मनगट धरले. “त्या गावचा असता तं अजून दोन हाका उभा राह्यला असता,” ते मला म्हणाले. बैल चोरीचे निघाले. ठाणेदार साहेबांना हा पुरावा कसा मांडावा ते काही केल्या समजेना.

जमादारांना टेबलाचे काम दोनदा देऊ करण्यात आले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी ते नाकारले. ठाण्यात बसलो तर लोक माझ्याकडे येतील, आणि जे येतील ते खोटे बोलायला येतील, असे त्यांचे मत. ज्याला खरे सांगायचे असते तो उंबऱ्यातच सांगतो. गस्तीला नाके मुरडणाऱ्या नव्या पोरांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. मी स्वतः ते ऐकले आणि टेबलाचा नाद सोडला. आज मी जमादार आहे आणि माझे अक्षर बिघडले आहे.

आता बेलटोलीची हकीकत सांगतो. या अंकात ती आणखी कोणी लिहील असे मला वाटत नाही. त्या गावचे लोक ती बोलत नाहीत.

बेलटोली चोरखमाऱ्याच्या तलावाला लागून आहे आणि तलावापलीकडे नागझिऱ्याचे जंगल सुरू होते. चैत्र लागला होता. तिथल्या बिसन नावाच्या ढिवराला, म्हणजे तलावावर मासे धरणाऱ्याला, वाघाने नेले अशी खबर गावच्या कोतवालाने ठाण्यावर आणली. बिसन मासे धरायच्या पिंजऱ्यासाठी बांबू तोडायला एकटाच जंगलात गेला होता. शोधणाऱ्यांना रक्ताने भिजलेला फेटा आणि काही ओढत नेल्याच्या खुणा मिळाल्या, देह मिळाला नाही. गावकऱ्यांनी एक-दोन दिवस वाट पाहिली, मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि तलावाच्या काठी त्याला अग्नी दिला. पंचनाम्याला म्हणून जमादार आणि मी बेलटोलीला गेलो तोवर आठवडा उलटला होता.

गावात शिरण्याआधीच मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. मोहाची झाडे ओळीने उभी होती आणि झाडांखाली फुलांचा सडा पडला होता. कोणी वेचला नव्हता. थरावर थर साचून खालची फुले आंबली होती आणि त्या वासाने डोके गरगरत होते. त्या दिवसांत आमच्या भागात मोह खाली पडू देणारे गाव तुम्हाला सापडायचे नाही. सूर्य डोक्यावर होता आणि झाडून सगळी दारे बंद होती. जमादारांनी कोतवालाच्या दारात तीन हाका मारल्या. तिसरीनंतरही बऱ्याच वेळाने कडी निघाली.

“कायले दारं लावून बसले गा?” जमादारांनी विचारले.

“तो बलावून राहिला, जमादार.”

“कोन तो?”

कोतवालाने नाव घेतले नाही. “ज्याले आमी जाळलो, तो,” तो म्हणाला.

अग्नी देण्याच्या आदल्या दिवसापासून रोज, सूर्य माथ्यावरून थोडा कलला की, तलावापलीकडून बिसनचा आवाज त्याच्या बायकोला नावाने हाक मारीत होता. रोज फक्त एकदा. म्हणूनच तर त्यांनी घाईने पुतळा जाळला, म्हणजे तो शांत होईल. तरीही हाक थांबली नाही. आता जंगलाकडे जायला कोणी धजत नव्हते.

कोतवालाला घेऊन आम्ही बिसनच्या घरी गेलो. त्याची आई आणि बायको पार्बती एका चटईवर बसल्या होत्या. सासूने सुनेचे मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. मला आधी वाटले की आधारासाठी धरले आहे. मग दिसले की पार्बतीच्या मनगटावर वळ उठले आहेत.

“माह्या लेकाचा आवाज मी वळखतो, जमादार,” म्हातारी म्हणाली. “पन तो माहा लेक नोहे. तीनदा बलावला असता तं मीच पयले धावलो असतो.”

जमादार काही म्हणणार इतक्यात ती हाक आली.

मी ती ऐकली आहे. तलाव चांगला रुंद आहे, पलीकडून ओरडणाऱ्या माणसाचा आवाज फाटतो, विरतो. हा आवाज तसा नव्हता. घरात बसलेला नवरा परसात भांडी घासणाऱ्या बायकोला सहज हाक मारतो, तसा कोणीतरी म्हणाला, “पारबते.” आवाज मोठा नव्हता, त्यात घाई नव्हती, दुःखही नव्हते. पण तो तलावापलीकडूनच आला होता, याबद्दल आमच्यापैकी कोणालाही शंका नव्हती. त्यानंतर सगळे सामसूम झाले.

पार्बती उठली. “मी ओ देतो,” ती म्हणाली. “मंग जे व्हाचं ते हो.”

“पयल्या हाकेले ओ देनारा वर्साच्या आत जाते,” सासू म्हणाली. आता ती रडत होती. “तुह्या पोटात लेकरू आहे व. तेवढंच उरलं आता त्याचं.”

पार्बतीने जमादारांकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला आणि अंगावर काटा आला. ती परवानगी मागत होती. पोलिसाने हो म्हटले असते तर ती हाक तिने घेतली असती.

“तू नोको देऊ,” जमादार म्हणाले. “बलावनाऱ्याले ओ देनं माहं काम होय.”

ते बाहेर गेले. तलावाच्या पाळीवर उन्हात उभे राहिले, डोक्यावरची पगडी सारखी केली आणि जंगलाकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, “ओ.” कोतवाल होता तिथेच मट्कन खाली बसला. बंद दारांच्या फटींतून सगळे गाव पाहत होते. मी जमादारांच्या पाठीकडे पाहत होतो आणि माझ्या मनात एकच विचार होता, की यांच्या घरी आता काय सांगायचे.

ते मागे वळले तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. “चाल,” म्हणाले. कोतवाल आला नाही, दुसरेही कोणी आले नाही. पाळीवरून चालता चालता त्यांनी मला आपला हिशेब समजावून सांगितला. “मेल्याले कायचं भेव गा? मेलेला असता तं धा वेळा बलावला असता. हा एकदाच बलावते. काऊन? त्याले वाटते, जंगल तिचं नाव शिकंल. भेऊन राहिला तो. आन भेते तो जिता असते.”

वाचकांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा. जंगलात पडलेला माणूस बायकोच्या जिवाला जपून एकदाच हाक मारतो, आणि गावातली माणसे आपल्या जिवाला जपून तिसऱ्या हाकेची वाट पाहतात. दोघेही शहाणपणाने वागत होते. ते शहाणपण त्याच्या जिवावर उठले होते आणि ते फक्त जमादारांच्या लक्षात आले, कारण आयुष्यभर ते जंगलातून गावात आणि गावातून जंगलात चालत आले होते.

आत शिरल्यावर जमादारांनी नाव घेतले नाही, फक्त कूक देत राहिले. उत्तर आले नाही. जंगलात पान हलत नव्हते. हाक ज्या बाजूने आली होती त्या बाजूला आम्ही नाकासमोर सरळ गेलो आणि एका नाल्याच्या दरडीखाली, जिथे बारीकसा झिरा वाहतो, तिथे बिसन आम्हाला सापडला. वाघ नव्हे, अस्वल होते. एका बाजूचा चेहरा सोलून निघाला होता, पाय मांडीत मोडला होता. वरच्या मोहाची फुले ओघळून त्याच्याजवळ पडत होती. ती खाऊन आणि झिऱ्याचे पाणी चाटून त्याने दिवस काढले होते. डोळे उघडे होते. जमादारांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली. तो जिवंत होता. त्यानेच तोडलेले बांबू वर पडले होते. त्यांचीच डोली करून आम्ही त्याला बाहेर आणले.

पुढे गोंदियाच्या दवाखान्यात त्याला बोलता येऊ लागले तेव्हा जमादार आणि मी त्याला भेटायला गेलो. जमादार कौतुकाने म्हणाले, “बेस केला तू. रोज बलावत राह्यला म्हनून सापडला.”

बिसनने आमच्याकडे पाहिले. पट्ट्यांतून त्याचा एकच डोळा दिसत होता. “दोनच दिस बलावलो, जमादार,” तो म्हणाला. “एकेकदा. मंग नरडं बसलं. मले कूकसुद्धा देता आली नाय. तुमची कूक आयकत होतो, पन आवाजच निंघे ना.”

जमादारांनी त्याच्या पायाची चौकशी केली, डॉक्टर चांगले आहेत का विचारले, आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर मी तो विषय काढला. ज्या दिवशी त्यांनी ओ दिली त्या दिवशी पार्बतीला हाक मारणारे कोण होते, असे मी सरळच विचारले.

“कोनी का असंना गा,” जमादार म्हणाले. “त्याच्यामुळं पोरगा जिता सापडला.” पुढे त्या विषयावर त्यांनी माझ्याशी कधी चर्चा केली नाही.

बिसन बरा झाला, पण त्याला गावात घेईनात. ज्याला अग्नी दिला त्याला शिवेच्या आत कसे घ्यायचे, असा प्रश्न होता. वडीलधाऱ्यांनी तोड काढली. त्याने पुन्हा जन्म घ्यावा, बाळासारखे त्याला मांडीवर घेऊन त्याचे बारसे करावे आणि जुने नाव टाकून नवे द्यावे. बिसनचा बाप केव्हाच वारला होता. मांडी कोणाची, यावर सगळे घुटमळले, कारण मेलेल्याला मांडीवर घ्यायला कोणी तयार होईना. जमादार मांडी घालून बसले आणि म्हणाले, “आना.” ते पोवार, तो ढिवर. जमादारांच्या जातवाल्यांनी पुढे कितीतरी दिवस यावरून नाके मुरडली. एवढा दाढीवाला बाप्या त्यांच्या मांडीवर डोके ठेवून हुंदके देत होता आणि बायका त्याच्या कानात नवे नाव सांगत होत्या. ते नाव मी इथे लिहीत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस पार्बतीला मुलगी झाली आणि तिच्या बारशालाही जमादार हजर होते.

आता राहिला तो वर्षाचा प्रश्न. पहिल्या हाकेला ओ देणारा वर्षाच्या आत जातो, हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या वर्षी गस्तीवर आम्ही जिथे जाऊ तिथे लोक जमादारांकडे टक लावून पाहत. म्हाताऱ्या त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडीत. एका कोतवालाने तर मला बाजूला घेऊन विचारले, “जमादार जेवतात ना बरोबर?” जमादार दोन माणसांचे जेवत होते. चैत्र पुन्हा आला, मोह पुन्हा झडला, आणि जमादार बेलटोलीच्या पाळीवरून लाठी टेकत आले तेव्हा दारे उघडून सगळे गाव बाहेर उभे होते. एका बाईने त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतले, तेवढेच.

तेव्हापासून त्यांच्यामागे एक नवे काम लागले, जे पोलिसांच्या कोणत्याही नियमात नाही. कोणत्याही गावात कोणाला अशी एकटी हाक ऐकू आली की लोक गस्तीच्या दिवसाची वाट पाहत. जमादार येत, शिवेवर उभे राहत, ओ देत आणि त्या दिशेने जाऊन पाहून येत. एकदा एक म्हैस दलदलीत रुतलेली मिळाली. एकदा वाट चुकलेली मुलगी मिळाली. बहुतेक वेळा काहीच मिळाले नाही. मी एकदा त्यांना विचारले, तुमचा यावर विश्वास आहे का. ते म्हणाले, “बलावते म्हंजे त्याले काही पाह्यजे असंल. कोनीतरी ओ देल्ला पाह्यजे ना.” कर्तव्यनिष्ठेवर मला जे लिहायचे होते ते एवढेच आहे.

निवृत्तीनंतर जमादार आपल्या गावी राहतात. दाराशी लहानशी बोडी, म्हणजे तळे आहे, धानाला पाणी पुरेल एवढे. अलीकडे त्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर लागत नाही आणि उजवा कान पार गेला आहे. उजवीकडून बोललेले त्यांना काही कळत नाही. गोंदियाचे डॉक्टर म्हणतात की कान बरा होण्यासारखा आहे. मी त्यांना घेऊन जायचे कबूलही केले होते.

गेल्या हिवाळ्यात हे ठरवायलाच मी त्यांच्याकडे गेलो. दुपारची वेळ होती. आम्ही अंगणात बसलो होतो, काकी, म्हणजे जमादारांच्या पत्नी, चुलीवर चहा करीत होत्या. जमादार बशीत चहा ओतत होते आणि त्यांचा उजवा कान बोडीकडे होता. तेवढ्यात बोडीच्या पलीकडून कोणीतरी बाई म्हणाली, “धना.” जेवायला बोलवावे तशी. एकदाच.

जमादारांनी बशी तोंडाला लावली. त्यांना ऐकू गेले नव्हते. काकींचा हात चुलीवर थांबला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मोठ्याने विचारले, “साखर पुरे का हो तुमाले?” मी त्याहून मोठ्याने म्हणालो की पुरे, आणि ठाण्यातल्या बदल्यांच्या गप्पा इतक्या जोराने सुरू केल्या की जमादार हसून म्हणाले, “एवढा काऊन वरडून राहिला? डावा कान शाबूत आहे माहा.”

निघताना काकी फाटकापर्यंत आल्या. “धना याइले एकटी सासूबाई म्हने,” त्या म्हणाल्या. “त्याइले जाऊन जमाना झाला. आता हाक रोज येते. एकदाच.” मग त्यांनी माझा हात धरला. “याइले दवाखान्यात नोको नेजो, बापा.”

या अंकातले इतर लेखक जमादारांना उदंड आयुष्य चिंतितील. तेच मीही चिंतितो. त्यांच्या अंगणात अजून पुष्कळ वर्षे चहा व्हावा, गस्तीच्या गावांनी त्यांच्या पायांवर पाणी ओतत राहावे, डावा कान नातवंडांच्या बोलण्यासाठी असाच शाबूत राहावा. उजवा कान मात्र बरा होऊ नये, अशी मी देवाजवळ हात जोडून प्रार्थना करतो. हा अंक घरी आल्यावर जमादारांचा नातू त्यांना तो वाचून दाखवील. त्याला माझी विनंती आहे की माझा लेख वाचताना त्याने जमादारांच्या निवृत्तीपाशी थांबावे आणि पान उलटावे. कोणी आपल्याला बोलावते आहे असे त्यांना कळले, तर ते ओ दिल्याशिवाय राहणार नाहीत.